शीआनमध्ये चार दिवस, पाठीवर सॅक: काय आधी पक्कं करायचं, काय मोकळं सोडायचं

नागपूरच्या एका मुलीने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: "ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात एकटीच चीनला जाते आहे. बीजिंगहून रात्रीच्या गाडीने शीआनला पोहोचेन, हातात चार दिवस. सॅक, हॉस्टेल, कमी बजेट. चिनी येत नाही. शाकाहारी आहे, अंडं चालतं. स्टेशनवर उतरल्यावर काय करू? टेराकोटा सैनिकांसाठी टूर घ्यावी का? सगळे म्हणतात की सैनिक बघितले की शीआन संपलं, मग चार दिवस जास्त होतील का?"

मी लहान गटांना घेऊन चीनला जाते आणि मधल्या काळात एकटीही फिरते. शीआन हे माझं नेहमीचं शहर. त्या अनुभवावरून सांगते, चार दिवस अजिबात जास्त नाहीत. पण तुमच्या प्रश्नातली खरी अडचण दिवसांची नाहीच. बॅकपॅकर म्हणून आपल्याला सवय असते ती "पोहोचू, बघू, ठरवू" अशी. थायलंडमध्ये, व्हिएतनाममध्ये ते खपतं. चीनमध्ये ते अर्धंच खपतं. तिथे रेल्वे, मोठी संग्रहालयं आणि राहायची जागा या तिन्ही गोष्टी पासपोर्टच्या नंबरावर चालतात आणि आधी नोंदवाव्या लागतात. बाकी शहर मात्र पायी, मनाला येईल तसं हिंडण्यासारखंच आहे. त्यामुळे काय बांधून ठेवायचं आणि काय सोडून द्यायचं, एवढं जमलं की शीआन सोपं आहे.

सगळ्यात आधी तारखा, कारण पुढचं सगळं त्यांच्यावर अवलंबून आहे. १ ऑक्टोबर हा चीनचा राष्ट्रीय दिन. १ ते ७ ऑक्टोबर देशभर सुट्टी असते आणि या आठवड्यात जवळजवळ अख्खा देश घराबाहेर पडतो. शीआन हे चिनी पर्यटकांचं अतिशय लाडकं शहर आहे. त्या आठवड्यात टेराकोटा सैनिकांच्या, म्हणजे सम्राटाच्या समाधीजवळ पुरलेल्या भाजलेल्या मातीच्या फौजेच्या, पहिल्या खंदकाच्या कठड्यापाशी पोहोचायलाच धक्काबुक्की करावी लागते, हॉस्टेलचे दर चढतात आणि गाड्यांची तिकिटं विक्री सुरू झाल्या झाल्या संपतात. रजा आठवडाभर पुढे सरकवता येत असेल तर डोळे झाकून सरकवा. ऑक्टोबरचा मधला आणि शेवटचा आठवडा तिथे सुरेख असतो: हवा गार, उन्हाळ्याची काहिली संपलेली, हिवाळ्यातलं धुरकट आभाळ अजून यायचं असतं आणि बाजारात पर्सिमनची लालबुंद फळं आलेली असतात. रजा सरकत नसेल तरी जा, पण मग खाली सांगितलेली प्रत्येक नोंदणी ज्या दिवशी खुली होते त्याच दिवशी करायची, असं ठरवून जा.

व्हिसाबद्दल एकच मुद्दा. चीनने बऱ्याच देशांच्या नागरिकांना २४० तासांपर्यंत व्हिसामुक्त ट्रान्झिट दिलं आहे आणि त्यावरचे भरपूर व्हिडिओ फिरत असतात. भारत त्या यादीत नाही. आपल्याला रीतसर पर्यटक व्हिसा काढूनच जावं लागतं.

आता पैसे आणि फोन. चीनमध्ये भाजीवालीसुद्धा क्यूआर कोडवर पैसे घेते, पण आपलं यूपीआय तिथे कामाचं नाही. घरी बसूनच अलीपे हे तिथलं पैसे देण्याचं ॲप उतरवून घ्या, पासपोर्टचा फोटो देऊन ओळख पक्की करा आणि आपलं व्हिसा किंवा मास्टरकार्ड जोडा. त्याआधी बँकेच्या ॲपमध्ये कार्डाचे परदेशी व्यवहार सुरू करायला विसरू नका. बऱ्याच जणांचं कार्ड तिथे नाकारलं जातं ते याच कारणाने. २०० युआनपर्यंतच्या व्यवहाराला अलीपे जादा शुल्क घेत नाही, त्यावर गेलं की ३ टक्के लावतं. म्हणून हॉस्टेलचं बिल एकरकमी न देता रोजचं रोज द्यायचं. निघताना युआनचा ताजा दर बघून हिशेब करा. जोडीला वीचॅट हे तिथलं मेसेजचं ॲप हवंच, कारण काही संग्रहालयांची नोंदणी त्यातूनच होते. आणि सॅकच्या वेगळ्या कप्प्यात ४००-५०० युआन रोख ठेवा. नोटा घेणं दुकानदाराला बंधनकारक आहे, फक्त सुट्टे शोधताना तो जरा कपाळाला आठ्या घालतो.

तिथल्या वायफायवर गूगल, व्हॉट्सॲप, इन्स्टाग्राम काहीच उघडत नाही. पण भारतीय सिमचं रोमिंग किंवा बाहेरच्या देशातलं ई-सिम घेतलं तर डेटा त्या कंपनीच्या मूळ जाळ्यातून फिरून येतो आणि हे सगळं चालतं. म्हणजे आईला "पोहोचले" हा मेसेज जाईल. नकाशासाठी मात्र गूगलवर विसंबू नका, चीनमध्ये त्याचं ठिकाण रस्त्यापासून सरकलेलं दिसतं. तिथला आमॅप वापरा, त्यात इंग्रजी आहे. भाषांतराचं ॲप चिनी भाषेच्या ऑफलाइन फाइलसकट उतरवून घ्या. कॅमेरा मेन्यूवर धरला की पुरेसं कळतं.

गाडी. बीजिंग ते शीआन हे अंतर साधारण १,२०० किलोमीटर. वेगवान गाडी साडेचार ते सहा तासांत नेते, रात्रीची झोपायची गाडी अकरा-बारा तास घेते. तुमचं बजेट बघता रात्रीची गाडी योग्यच: भाडं जवळपास निम्मं आणि एका रात्रीचं हॉस्टेल वाचतं. "हार्ड स्लीपर" या नावाला घाबरू नका. गादी, उशी, रजई सगळं असतं, एका खणात सहा बर्थ असतात, फक्त खणाला दार नसतं. खालचा बर्थ महाग, सगळ्यात वरचा स्वस्त, पण वरच्यावर ताठ बसता येत नाही. मी एकट्या बाईला मधला बर्थ सुचवते. खालच्या बर्थवर दिवसा सगळा डबा येऊन बसतो, मधल्यावर तुम्ही कधीही आडव्या होऊ शकता.

तिकीट १५ दिवस आधी खुलं होतं. रेल्वेच्या १२३०६ या अधिकृत ॲपवर परदेशी पासपोर्टही नोंदवता येतो, पण पडताळणीला वेळ लागतो, तेव्हा खातं महिनाभर आधी उघडा. नाहीच जमलं तर ट्रिप डॉट कॉमवरून थोडं शुल्क देऊन काढा. कागदी तिकीट मिळत नाही, पासपोर्ट हेच तिकीट. स्वयंचलित दारांवर आपला पासपोर्ट कधी वाचला जातो, कधी नाही. कडेला माणूस बसलेलं एक दार असतं, सरळ तिकडे जा. स्टेशनवर विमानतळासारखी तपासणी असते. चाकू आणि मोठे स्प्रेचे डबे काढून घेतात. गाडी सुटण्याआधी तासभर पोहोचा. प्रत्येक डब्यात उकळत्या पाण्याचा नळ असतो, त्यामुळे घरून नेलेले इन्स्टंट पोहे किंवा उपमा गाडीत मजेत होतात. मी कायम नेते.

शीआनमध्ये दोन मोठी स्टेशनं आहेत आणि इथे भल्याभल्यांचा गोंधळ होतो. नुसतं "शीआन" म्हणजे जुनं स्टेशन, अगदी शहराच्या तटाला लागून. रात्रीच्या गाड्या बहुतेक इथेच येतात. "शीआन नॉर्थ" म्हणजे वेगवान गाड्यांचं अजस्र स्टेशन, तटापासून बऱ्याच अंतरावर उत्तरेला. तिकिटावर कोणतं नाव आहे ते बघून ठेवा. नॉर्थला उतरलात तर मेट्रोची २ नंबरची लाइन थेट तटाच्या आत, शहराच्या मध्यावरच्या बेल टॉवरखाली आणून सोडते. विमानाने आलात तर १४ नंबरची लाइन विमानतळावरून शीआन नॉर्थला येते, तिथे २ नंबर पकडायची.

जुन्या स्टेशनवर उतरलात तर दक्षिणेच्या चौकात बाहेर पडा. समोरच तटाची करडी भिंत दिसेल. (उत्तरेला बाहेर पडलात तर समोर तांग काळातल्या दामिंग राजवाड्याचं नव्याने उभारलेलं भलंमोठं दार दिसतं. बघायला छान आहे, पण तुम्ही चुकीच्या बाजूला आहात.) चौकात गळ्यात ओळखपत्र अडकवलेली, हातात सैनिकांच्या फोटोचा फलक घेतलेली माणसं "टेराकोटा, टेराकोटा" करत मागे लागतील. थांबायचं नाही, उत्तर द्यायचं नाही, हसायचंही नाही. त्यांचं काय करायचं ते पुढे सांगते. सरळ मेट्रोत उतरा. ४ नंबरची लाइन स्टेशनाखालीच आहे. अलीपेमध्ये शहर निवडलं की मेट्रोचा कोड मिळतो, भाडं २ युआनपासून सुरू होतं. प्रत्येक मेट्रो स्टेशनवर सॅक एक्स-रेमधून जाते, म्हणून पासपोर्ट आणि फोन सॅकमध्ये न ठेवता अंगावर ठेवा.

राहायचं तटाच्या आत, दक्षिण दरवाजा म्हणजे योंगनिंगमन आणि बेल टॉवर यांच्या मधल्या पट्ट्यात. इथून बहुतेक गोष्टी पायी किंवा एका मेट्रोवर आहेत. परदेशी माणसाची पोलिसांकडे नोंद २४ तासांत व्हावी लागते. हॉटेल-हॉस्टेल ती आपणहून करतं. परदेशी लोकांना नाकारू नका, असं सरकारने २०२४ मध्ये हॉटेलांना बजावलं आहे, तरी अगदी छोट्या जागी काउंटरवरच्या पोराला पासपोर्ट कसा नोंदवायचा हेच ठाऊक नसतं आणि तो "नाही" म्हणून मोकळा होतो. म्हणून ज्या हॉस्टेलवर परदेशी पाहुण्यांचे ताजे अभिप्राय आहेत तेच घ्या, आणि "भारतीय पासपोर्ट चालेल ना?" असा मेसेज आधी टाकून उत्तर जपून ठेवा. मुलींची वेगळी डॉर्मिटरी बऱ्याच ठिकाणी मिळते. सकाळी सातला पोहोचलात तर खोली दुपारपर्यंत मिळणार नाही, पण सॅक ठेवून घेतात आणि बहुतेक ठिकाणी आंघोळही करू देतात. विचारायला लाजू नका.

आता शहर. इथे एक गोष्ट आधी समजून घेतली तर चार दिवसांची मांडणी आपोआप लागते. तुम्ही जो तट बघणार आहात तो मिंग काळातला, १३७० नंतर बांधलेला. पण ज्या चांगआनमुळे शीआनचं नाव आहे, ती तांग राजवटीची (६१८ ते ९०७) राजधानी याच्या साधारण सातपट मोठी होती, सुमारे ८४ चौरस किलोमीटर. म्हणून मोठा वाइल्ड गूज पॅगोडा आज तटाबाहेर चार किलोमीटरवर, मॉलच्या गर्दीत दिसतो. त्याच्या काळात तो शहराच्या आत होता. आणि छिन सम्राटाचे सैनिक तांग काळाहूनही ८०० वर्षं जुने, तेही पूर्वेला पस्तीस-चाळीस किलोमीटरवर. "जुनं शहर" असं एका जागी सापडत नाही. एकेका काळाला एकेक दिवस दिला की डोकंही भंजाळत नाही आणि पायही टिकतात.

पहिल्या दिवशी लांब जाऊ नका. रात्रभराचा प्रवास झालेला असतो. सकाळी स्टेल म्युझियमला जा, दक्षिण दरवाज्याजवळच आहे. शिलालेखांचं हे जंगल १०८७ पासून जमत आलं आहे. चिनी येत नसताना दगड काय बघायचे, असं वाटेल. पण ८३७ मध्ये पूर्ण झालेली ११४ शिळांची कन्फ्यूशियन ग्रंथांची रांग बघा. छपाई रुळायच्या आधी परीक्षेला बसणाऱ्यांनी पाठ ताडून बघावा म्हणून अख्खे ग्रंथ दगडात कोरून ठेवले होते. ७८१ मधली, ख्रिस्ती धर्म चीनमध्ये पोहोचल्याची नोंद असलेली शिळा शोधा, तिच्यावर चिनी अक्षरांबरोबर सिरियाक लिपीही आहे. आणि ठसा घेणारा कारागीर कामावर असेल तर त्याच्यासमोर दहा मिनिटं उभ्या राहा. ओला पातळ कागद शिळेवर चिकटवून तो आधी ब्रशने खाचांत बसवतो, मग शाईची पुरचुंडी हलक्या हाताने टपटप मारत जातो. कागद हळूहळू काळा होतो आणि अक्षरं पांढरी राहतात.

दुपारनंतर दक्षिण दरवाज्यातून तटावर चढा. घेर १३.७ किलोमीटर, उंची १२ मीटर, वर रुंदी १२ ते १४ मीटर. वरच सायकली भाड्याने मिळतात. विटा खडबडीत आहेत, हात-कंबर जरा झणझणतात, पण रमतगमत दोन तासांत फेरी होते. ऊन कलल्यावर जा, वर सावली जवळपास नाहीच. पाऊस असेल तर सायकली देत नाहीत. मग तटाच्या बाहेर, खंदकाला लागून जी बाग आहे तिथे चाला. संध्याकाळी आजोबा मंडळी दोन तारांचं बानहू आणि लाकडी टाळ घेऊन छिनचियांग ऑपेरा गायला बसतात. मान ताठ, शिरा ताणलेल्या, आवाज असा की रस्त्यावरचा हॉर्न बुडावा. कुणी पैसे मागत नाही. प्लास्टिकचं स्टूल पुढे सरकवलं तर बसा.

दुसऱ्या दिवशी सैनिक. टूर घ्यावी का? माझ्या मते नाही. स्वस्त टूर रेशीम आणि जेडच्या दुकानांत थांबे घेत जातात, आणि दुपारी ऐन गर्दीत तुम्हाला तिथे नेऊन सोडतात. मेट्रो १ नंबरने फांगझीचंग, तिथे ९ नंबरची लाइन पकडून हुआछिंगची स्टेशन, आणि तिथून ६०२ नंबरची बस संग्रहालयाच्या दारापर्यंत. स्टेशनच्या चौकातल्या त्या माणसांमध्ये काहीजण नकली "संग्रहालयात" नेतात, जिथे प्लास्टरच्या मूर्ती मांडून ठेवलेल्या असतात. मेट्रोने गेलात की त्यांची गाठच पडत नाही. तिकीट १२० युआन, पासपोर्टच्या नंबरावर, काही दिवस आधी नोंदवायचं. दार उघडायच्या वेळी तिथे असाल तर पहिला एक तास तुमचा.

मार्च १९७४ मध्ये विहीर खणताना शेतकऱ्यांना हे सापडलं, हे सगळ्यांना माहीत असतं. जाऊन काय बघायचं ते सांगते. पहिला खंदक २३० मीटर लांब आहे. लोक पुढच्या कठड्यावर सेल्फी काढून परत फिरतात. तुम्ही कडेकडेने थेट मागच्या टोकाला जा. तिथे जोडकाम चालू असलेले सैनिक उभे असतात: कुणाला डोकं नाही, कुणाच्या छातीला पट्टे आवळलेले, अंगावर चिठ्ठ्या. समोरची शिस्तीची फौज अशी तुकड्या-तुकड्यांतून उभी केली आहे हे तिथेच कळतं. दुसऱ्या खंदकाच्या दालनात काचेच्या पेटीत गुडघा टेकलेला तिरंदाज आहे. त्याच्या मागे जाऊन उजव्या बुटाचा तळ बघा. टाचेला आणि चवड्याला टाके दाट, मध्ये विरळ. बावीसशे वर्षांपूर्वीच्या कुंभाराने कुणाला दिसणार नाही अशा जागी चामड्याची शिवण उतरवली आहे! गाईडशिवाय ऑडिओ गाईड पुरतो.

त्याच तिकिटात सम्राटाच्या समाधीचा लिशान बागेचा परिसर येतो, मोफत बस नेते. समाधी उघडलेली नाही, वर नुसती टेकडी आणि झाडं. पण कांस्यरथांचं संग्रहालय आता तिकडे आहे आणि ते चुकवू नका. निम्म्या आकाराचे दोन रथ, लगामाच्या कड्या न् कड्यांसकट. वेळ उरला तर परतीच्या वाटेवर हुआछिंग उष्ण झऱ्यांची बाग आहे, डिसेंबर १९३६ मध्ये चीनचा तेव्हाचा नेता च्यांग काय-शेक याला तिथेच पकडलं होतं. मला तिकिटाच्या मानाने ती फार भावत नाही.

तिसरा दिवस शान्सी इतिहास संग्रहालयाचा, मिळालं तर. प्रवेश मोफत, सोमवारी बंद, आणि नोंदणी खुली झाली की काही मिनिटांत संपते. तुम्ही बीजिंगमध्ये असतानाच रोज प्रयत्न करा. मोफत कोटा हुकला तर आतल्या खास दालनाचं पैशाचं तिकीट काही वेळा मिळून जातं. १९७० मध्ये हजियात्सुन इथे सापडलेला तांग काळातला सोन्याचांदीचा खजिना आणि त्यातला प्राण्याच्या तोंडाचा अकीकाचा प्याला हे तिथलं मुख्य. नाहीच मिळालं तर हळहळू नका. लहान वाइल्ड गूज पॅगोडाच्या आवारातलं शीआन संग्रहालय मोफत आहे, शांत आहे, मंगळवारी बंद असतं. तो पॅगोडा ७०७ च्या सुमाराचा, मूळ १५ मजल्यांचा. भूकंपांत वरचे दोन गेले, आज १३ उरलेत. जुन्या झाडांखाली बाकं आहेत. मला मोठ्या पॅगोडापेक्षा हाच जास्त आवडतो.

मोठा पॅगोडा मात्र आपण मराठी लोकांनी बघायलाच हवा, आणि त्याचं कारण ह्युएन त्सांग. शाळेत ज्याच्यावर टिपा लिहिल्या तोच हा. भारतात फिरताना तो महाराष्ट्रातही आला होता. इथली माणसं उपकार विसरत नाहीत आणि अपमानाचा सूड घेतल्याशिवाय राहत नाहीत, असं त्याने लिहून ठेवलंय. हर्षवर्धनाला न नमणाऱ्या दुसऱ्या पुलकेशीबद्दलही लिहिलंय. डोंगरात कोरलेल्या ज्या विहाराचं आणि दारातल्या दगडी हत्तींचं वर्णन त्याने केलं, तो अजिंठाच असं अभ्यासक मानतात. ६४५ मध्ये तो ६५७ ग्रंथ घेऊन चांगआनला परतला आणि ते सुरक्षित राहावेत म्हणून ६५२ मध्ये हा पॅगोडा बांधला गेला. चौकात त्याचा पुतळा आहे, सगळे तिथे फोटो काढतात. त्याच्या पुढचा "तांग रात्री"चा रोषणाईचा रस्ता म्हणजे तांग वेशातल्या मुली, ड्रोन आणि मरणाची गर्दी. अर्धा तास पुरे.

चौथ्या दिवशी ह्युएन त्सांगच्या अस्थी जिथे आहेत त्या शिंगजियाओ मंदिरात जा. शहराच्या दक्षिणेला वीसेक किलोमीटर, अलीपेतूनच दीदी टॅक्सी बोलवा आणि परतीचीही तिथूनच मिळेल याची खात्री चालकाशी भाषांतराच्या ॲपवर करून घ्या. विटांचे तीन मनोरे: मधला पाच मजली त्याचा, दोन बाजूंना दोन शिष्यांचे, कुईजी आणि कोरियाहून आलेला वोनचुक. २०१४ पासून जागतिक वारसा यादीत आहे, तरी पर्यटक फारसे नसतात. भारतातून आलोय असं सांगितलं की गप्पा हमखास रंगतात.

हुआशान पर्वताबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण हॉस्टेलमध्ये प्रत्येकजण आग्रह करेल. वेगवान गाडीने तासाच्या आत पोहोचता येतं, डोंगर खरोखर थरारक आहे. पण चार दिवसांत बसवू नका. पाचवा दिवस मिळाला तरच.

संध्याकाळी बहुतेक तुम्ही मुस्लीम वस्तीत असाल. ड्रम टॉवरमागचा मुख्य रस्ता पर्यटकांचा आहे, तिथून एकदा जा आणि मग पश्चिमेला साजिनछ्याओच्या बाजूला वळा. तिथे वस्तीतली माणसं खातात. गल्लीत आत मोठी मशीद आहे, आज उभ्या असलेल्या इमारती मिंग काळापासूनच्या. घुमट नाही, चिनी कौलारू छपरं, एकामागून एक अंगणं, आणि मिनाराच्या जागी अष्टकोनी लाकडी मनोरा. चिनी मंदिरं सहसा दक्षिणोत्तर असतात, ही मशीद पूर्व-पश्चिम आहे, कारण मक्का पश्चिमेला. मुख्य नमाजगृहात मुस्लिमेतरांना जाता येत नाही, बाहेरून बघता येतं. खांदे-गुडघे झाकलेले असू द्या.

खाणं. शाकाहारी माणसाची इथे उपासमार होत नाही, पण सावध राहावं लागतं. योउपो म्येन मागा: रुंद पट्ट्यांसारख्या नूडल्सवर लाल तिखट, लसूण आणि पात घालून वरून कडकडीत तेल ओततात, थेट आपल्या फोडणीसारखं चर्र होतं आणि पुढचं सगळं त्या वासावर. लियांगपी म्हणजे गार, चिवट, व्हिनेगर-तिखटातल्या पट्ट्या. छाइजियामो म्हणजे पावात भाज्या, बटाटा, टोफू आणि उकडलेलं अंडं, १० युआनच्या आसपास पोट भरतं. टोमॅटो-अंड्याच्या नूडल्स जवळपास कुठेही मिळतात. गोडात खजूर घातलेला चिकट भात आणि तळलेली पर्सिमनची पुरी. सोबत बिंगफंग हे तिथलं नारिंगी सोडावॉटर. अडचण रश्शाची असते, तो मांसाचाच असतो, म्हणून सूपवाल्या नूडल्स टाळा. "वो छ्र सू" म्हणजे मी शाकाहारी. पण चिकनचा तुकडा काढून टाकला की झालं शाकाहारी, असंही काहींना वाटतं. म्हणून "मांस नको, मासे नकोत, मांसाचा रस्सा नको, अंडं चालेल" हे चार तुकड्यांत चिनीत लिहून फोनच्या वॉलपेपरवर ठेवा. कांदा-लसूणही वर्ज्य असेल तर बौद्ध मंदिरांजवळची शाकाहारी भोजनालयं शोधावी लागतील.

एकटीने सुरक्षित का? रात्री अकराला रस्त्यावर मला इथे जितकं निर्धास्त वाटतं तितकं फार थोड्या शहरांत वाटतं. कॅमेरे सगळीकडे आहेत, माणसं त्रास देत नाहीत, फार तर न विचारता फोटो काढतात. खरा धोका फुटपाथवरून आवाज न करता येणाऱ्या इलेक्ट्रिक स्कूटरचा. दोन्ही कानांत इअरफोन घालून चालू नका. सॅकमध्ये टिश्यू ठेवा, सार्वजनिक स्वच्छतागृहात कागद असेलच असं नाही.

निघताना पुन्हा स्टेशनचं नाव बघा. पुढे छंगदूला जाणार असाल तर वेगवान गाडी छिनलिंग पर्वताखालून बोगद्यांमधून साधारण चार तासांत नेते, आणि ती बहुधा नॉर्थहून सुटते. बेल टॉवरहून तिथे पोहोचायला आणि तपासणीतून जायला मिळून दोन तास हाताशी ठेवा.

तारखा पक्क्या झाल्या की इथेच लिहा. सोमवार-मंगळवारची सुट्टी कुठे येते ते बघून तिसरा आणि चौथा दिवस अदलाबदल करायचा का ते सांगते. १ ते ७ मध्येच जाणार असाल, तर सैनिकांचं तिकीट आधी काढा आणि बाकीचे दिवस त्याच्याभोवती बसवा.